वैरागडे मॅडमची उभी मीटिंग

वैरागडे मॅडमला बसलेली माणसं आवडत नसत. बसलेला माणूस खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं होतं. उभ्या माणसाचे पाय दुखायला लागतात, म्हणून तो खरं सांगून मोकळा होतो. स्वतः त्या मात्र संधी मिळाली की बसत, आणि बसल्या की समोरच्याचा डबा उघडत.

भिलाईतल्या खुर्सीपारच्या आमच्या सरकारी शाळेत मी दुपारचं जेवण रांधते. व्हरांड्याच्या एका टोकाला माझी चूल, दुसऱ्या टोकाला ऑफिस. मधे जे होतं ते मला ऐकू येतं. भाजी चिरताना हात गुंतलेले असतात, कान नाही. माझी नात माही याच शाळेत आहे. ती बोलायला पटाईत, हिशोबाला बरी, पण अक्षर म्हटलं की तिच्यापुढे सगळं सारखंच. 'क' काय आणि 'फ' काय. घरी मी मारून पाहिलं, सुनेनं नवस बोलून पाहिला. दोन्हीचा उपयोग झाला नाही.

अशा मुलांना सरकारी भाषेत विशेष मुलं म्हणतात. कोणाला ऐकू कमी येतं, कोणी एका जागी बसत नाही, कोणाला वाचता येत नाही. त्यांना कसं शिकवायचं हे मास्तरांना शिकवण्यासाठी दुर्गला ट्रेनिंग होतं. दिवा लावायचा, पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचे, एका साहेबाचं भाषण ऐकायचं, मग जेवण, मग फोटो. शिकवायचं कसं, हे भाषण आणि जेवण यांच्या मधे कुठेतरी होत असावं. येताना प्रत्येकाला कापडी पिशवी मिळायची. तिच्यावर लिहिलेलं, 'हर बच्चा खास है'. आमचे तिवारी सर इतक्या ट्रेनिंगला जाऊन आले होते की खुर्सीपारच्या बाजारात निम्मी वांगी त्याच पिशव्यांतून घरी जायची. त्यांच्या बायकोनं शेजारीपाजारी वाटल्या होत्या. मला पण एक दिली. चांगली मजबूत आहे.

ट्रेनिंगच्या मागोमाग शाळेत सामान आलं. लाकडी अक्षरं, वाळूचा ट्रे, जाड पेन्सिली, मोठं दिसायचं भिंग. त्यासाठी एक खोली ठरली, फीत कापली, आणि सामान खराब होऊ नये म्हणून खोलीला कुलूप लागलं. मुलांच्या हाताला घाम असतो, असं ऑफिसचा बाबू म्हणाला. पाहुण्यांच्या गादीच्या खुर्च्यासुद्धा त्याच खोलीत गेल्या. तेव्हा मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, म्हणून तिवारीच काम पाहत होते. तपासणीला साहेब आले की खोली उघडायची, झाडायची, आणि आत मुलं बसवायची. पण कोणती मुलं? तर वर्गातली हुशार. खरी विशेष मुलं बसवली तर शाळेचं नाव खराब होईल ना. एकदा पहिल्या नंबरची पोरगी आत बसून धडाधडा वाचून गेली आणि साहेब म्हणाले, "वाह, कितना सुधार है!" तिवारी सरांनी हात जोडले. त्या दिवशी माही आणि तिच्यासारखी बाकीची माझ्या चुलीपाशी मटार सोलत होती. साहेबांना मटाराची भाजीही आवडली.

अशा शाळेत मोठ्या सरांच्या जागी वैरागडे मॅडम आल्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, पण जन्म सगळा भिलाईत गेलेला. ठेंगण्या, रुंद, पावसाळ्यात नवऱ्याचे स्टील प्लांटमधले जुने सेफ्टी बूट घालून यायच्या आणि वर इस्त्रीची कलकत्ता साडी. चालल्या की व्हरांडा वाजायचा. नवरा क्रेन चालवून रिटायर झालेला. त्याला आम्ही वैरागडे भाऊ म्हणायचो. तो स्कूटरवर त्यांना सोडायला यायचा आणि गेटवर थांबून उगाच इकडेतिकडे पाहायचा, वरून काही पडेल की काय अशा नजरेनं.

मॅडममध्ये खोडी पुष्कळ होत्या. खडू मोजून देत. दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं न विचारता घेत आणि वर नावं ठेवत. माझ्याशी त्यांचं रोज डाळीवरून भांडण.

"मावशी, मीठ नाही वाटते आज?"

"टाकलं ना, मॅडम."

"मंग गेलं कुठं?"

"तुमच्या जिभेले त्या लोणच्यानं काही लागून नाही राहिलं, त्याले मी काय करू?"

त्या हसत नसत. वाटीभर डाळ आणखी घेत.

पाहुण्यांची भाषणं लांबली की त्या उठून स्वतः घंटा वाजवत. एकदा कोणी नेता आला होता. मुलांना भविष्य वगैरे सांगत होता. मॅडमनी घंटा दिली, पोरं ताटं घेऊन पळाली, नेता तोंड उघडं ठेवून राहिला. "सर, बच्चे भूखे हैं," एवढंच त्या म्हणाल्या. बच्चे भूखे नव्हते. भाषण कंटाळवाणं होतं.

आणि 'बिचारी' हा शब्द त्यांना चालत नसे. माहीकडे पाहून नव्या साहू मॅडम एकदा म्हणाल्या, "बेचारी, कोशिश तो बहुत करती है." वैरागडे मॅडम तिथंच थांबल्या.

"बेचारी बोल दिया, अब क्या करोगी?"

"क्या करूँ, मॅडम?"

"कुछ नहीं. बेचारी बोलने के बाद कोई कुछ नहीं करता. इसीलिए तो बोलते हैं."

त्या आल्यानंतर थोड्याच दिवसांत मी भाचीच्या लग्नाला गोंदियाकडे गेले. परत येऊन पाहते तर विशेष मुलांच्या खोलीला दारच नाही. चौकट आहे, बिजागरीची भोकं आहेत, दार गायब. आत वैरागडे भाऊ दारालाच लोखंडी पाइपाचे पाय ठोकत होता. दाराचा टेबल झाला होता. पाहुण्यांच्या खुर्च्या व्हरांड्यात पावसाच्या झडीत ठेवलेल्या, आणि टेबलाभोवती मटार सोलणारी सगळी पोरं. वाळूचा ट्रे पहिल्याच दिवशी उपडा झालेला.

मी विचारलं, "मॅडम, दार कावून काढलं?"

"मावशी, दार होतं तं कुलूप होतं. कुलूप होतं तं किल्ली बाबूजवळ. बाबू सुट्टीवरून आला का पुन्हा लावते. आता लावा कुलूप कुठं लावता."

बाबू सुट्टीवरून आला तेव्हा रडायच्या बेतात होता. "मॅडम, सामान की ज़िम्मेदारी मेरी है. टूट-फूट हो गई तो?" मॅडम म्हणाल्या, "टूटेगा तो पता चलेगा किसी ने हाथ लगाया." बाबूनं हे कुठल्या रजिस्टरात लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

मला वाटलं, मोठी धाडसी बाई दिसते. तेव्हा मला सगळं माहीत नव्हतं.

मग उभी मीटिंग सुरू झाली. प्लांटमध्ये पाळी सुरू व्हायच्या आधी कामगारांना उभं करून साहेब विचारतात, काल काय होता होता राहिलं? वरून पाना पडला आणि कोणाच्या डोक्यात बसला नाही, तर तो अपघात नाही, पण सांगायचा. त्याला तिथं नियर मिस म्हणतात. सांगणाऱ्याला शिक्षा नाही. लपवणाऱ्याला आहे. वैरागडे भाऊचा सगळा जन्म त्यात गेला. मॅडमनी ते उचलून शाळेत आणलं. प्रार्थनेच्या आधी सगळे मास्तर व्हरांड्यात उभे, माझ्या भाजीच्या परातीपासून हाताच्या अंतरावर. प्रत्येकानं सांगायचं, काल कोणतं मूल माझ्या हातून निसटता निसटता राहिलं.

पहिल्या दिवशी तिवारी सर म्हणाले, "मॅडम, हमारे यहाँ तो सब बढ़िया है." दुसरे म्हणाले, "हाँ, सब बढ़िया." मॅडमनी मान डोलावली आणि घंटा दिलीच नाही. पोरं मैदानात दंगा करतायत, मास्तर उभे, मॅडम उभ्या. मी भेंडी चिरून संपवली, कांदे घेतले. कांद्यानं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. तिवारी सरांनी तीनदा पाय बदलला. शेवटी साहू मॅडम बारीक आवाजात म्हणाल्या, "कल मैंने माही को बोला, चुपचाप बैठ जा. वो छुट्टी तक बैठी रही. पानी पीने भी नहीं उठी. मैं भूल गई थी."

मी सुरी खाली ठेवली. मला वाटलं आता मॅडम हिला फाडून खातात. मॅडम म्हणाल्या, "शाबाश. अब बाकी लोग बताओ, इसकी जगह तुम होते तो क्या करते?" आणि मग पहिल्यांदा मास्तर एकमेकांशी शिकवण्याविषयी बोलले. एरवी ते पगारवाढीविषयी आणि बदलीविषयी बोलत.

तिवारी सरांना दुसऱ्याला शाबासकी मिळालेली सहन होत नाही. पुढच्या आठवड्यात ते रोज नियर मिस आणायला लागले, आणि एकाहून एक भारी. अमुक मुलाला खिडकीपाशी बसवलं होतं, त्याला फळा दिसत नव्हता, यांनी हेरलं. तमक्या मुलाच्या कानाचा दोष यांनी ओळखला. बोलताना हात असे हलवत की जणू समोर माईक आहे.

मॅडमनी एकदा ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिवारीजी, ये कल की बात है?"

"बिल्कुल कल की, मॅडम."

"वो बच्चा तो कल आया ही नहीं था."

माझ्या हातातली गिलकी खाली पडली. सगळे मास्तर छताकडे पाहत होते. तिवारी सर म्हणाले, "परसों होगा." मॅडम म्हणाल्या, "परसों इतवार था." मग बऱ्याच दिवसांनी एका सकाळी तिवारी सरांनी हात न हलवता सांगितलं, "मैं माही को हर बार ज़ीरो देता हूँ. कल मुँह से पूछा तो सब बता दिया उसने. कॉपी में लिखती तो फिर ज़ीरो देता." कोणी शाबास म्हटलं नाही, तरी ते उभे राहिले. त्या परीक्षेपासून माहीचे पेपर तोंडी झाले. तिवारी सर प्रश्न विचारताना एवढे ओरडतात की सगळ्या शाळेला पेपर कळतो, पण ते जाऊ द्या.

पुढची तपासणी आली. या वेळी खोलीत खरी पोरं बसली. साहेबांनी माहीला पुस्तक दिलं. माहीनं बोट ठेवलं आणि एका शब्दावर इतकी थांबली की साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"मॅडम, ये तो पढ़ नहीं पा रही."

"सर, पढ़ पाती तो इस कमरे में क्यों बैठती?"

साहेबांनी शेरा वाईट लिहिला. पिछली बार से गिरावट, असा काहीसा. तिवारी सरांना तो तोंडपाठ आहे, अजून ऐकवतात. मॅडमनी त्या दिवशी लोणचं जास्त खाल्लं, बाकी काही नाही.

माही अजून अडखळतच वाचते. कोणी चमत्काराची वाट पाहत असेल तर सांगून ठेवते. बसची पाटी वाचते, दुकानाची वाचते, औषधाच्या डबीवरचं नाव वाचायला तिला वेळ लागतो. पण आता पुस्तक दिसलं की तिच्या पोटात दुखत नाही. आधी रोज दुखायचं.

मॅडमची रिटायरमेंट जवळ आली तशी माझ्याच पोटात दुखायला लागलं. नवे मोठे सर, चंद्राकर नावाचे, आधीच शाळा पाहून गेले. चांगले टापटीप गृहस्थ, खिशाला दोन पेन. विशेष खोलीच्या चौकटीत उभे राहून ते बाबूला म्हणाले, "यहाँ दरवाज़ा लगवाना पड़ेगा. सामान ख़राब हो रहा है." बाबूचा चेहरा उजळला. मग त्यांनी माहीकडे बोट केलं. "ये बच्ची किस क्लास की है? रिज़ल्ट बिगाड़ेगी. घरवालों से बात कीजिए, कहीं और डाल दें." घरवाली तिथंच भात उपसत होती. ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मी मॅडमला सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. मला राग आला. जाणाऱ्या माणसाला काय पडलेलं असतं?

निरोपाचा कार्यक्रम झाला. मंडप, माईक, समोसे. सगळ्यांनी मॅडमची तारीफ केली. तिवारी सरांनी कविता म्हटली, स्वतः केलेली, लांब. मॅडमचा हात घंटेकडे दोनदा गेला. चंद्राकर सर स्टेजवर मधल्या खुर्चीत होते. तीच पावसात भिजलेल्या खुर्च्यांतली, जिच्या गादीतून वास येतो. शेवटी मॅडम उठल्या. शाल खांद्यावर, नारळ हातात.

"मैं भाषण नहीं करूँगी," त्या म्हणाल्या. "सब खड़े हो जाइए."

सगळे उठले. पाहुणेही उठले. चंद्राकर सर जरा उशिरा उठले.

"इतने साल मैंने सबका नियर मिस सुना. मेरा किसी ने नहीं पूछा. आज बताती हूँ. मैं नई आई थी. सबने कहा, ये माही रिज़ल्ट बिगाड़ेगी. मैंने भी कहा, हाँ, बिगाड़ेगी. मैंने तय कर लिया था कि इसका नाम काटकर कहीं और भेज दें. इसकी दादी को बुलवाया, तो वो शादी में गई थी. माँ दिन भर काम पर, घर में कोई नहीं. तो ये लड़की छुट्टी के बाद मेरी टेबल के पास बैठने लगी. मैंने पीछा छुड़ाने के लिए बाबू का छोड़ा हुआ चाबियों का गुच्छा दे दिया, ले, खेल. ये गई और एक-एक ताले में लगाकर देखती रही. बंद कमरा खोलकर आ गई. बोली, मॅडम, अंदर तो हमारा सामान रखा है."

मंडपामागे हलवायानं समोशांचा नवा घाणा सोडला.

"दादी एक दिन पहले लौट आती, तो नाम कट जाता. बस इतना ही बचा था. चंद्राकर सर, कल से मीटिंग में पहले आप बोलेंगे. मीटिंग का नया नियम है, सबसे बड़ा आदमी सबसे पहले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चंद्राकर सरांनीही वाजवल्या. दुसरं काय करतील, माईक चालू होता. माहीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. नव्या दाराचं एस्टिमेट बाबूनं केलं होतं, ते तसंच आहे. सकाळी मास्तर अजून उभे राहतात. चंद्राकर सर पहिले बोलतात. अजून पुष्कळदा "सब बढ़िया" म्हणतात, मग तिवारी सर पाय बदलत त्यांच्याकडे पाहत राहतात, घंटा होत नाही, आणि मी कांदे घेते.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. कार्यक्रम संपल्यावर मी मॅडमला गेटजवळ गाठलं. माझ्याच चुलीची डाळ रोज खाऊन, माझ्याच तोंडावर इतकी वर्षं ही बाई गप्प राहिली होती.

त्याच आधी बोलल्या. "मावशी, रिपोर्ट करणाऱ्याले शिक्षा नाही. नियम हाय."

"तो नियम मास्तरायसाठी हाय," मी म्हटलं. "मी मास्तर नाही. उभ्या राहा."

त्या उभ्या राहिल्या. नारळ हातात, शाल घसरलेली. मी त्यांना मनात येईल ते बोलले. माझ्या पोरीचं नाव कापणार होत्या, तुमच्या घरची असती तं कापलं असतं का, मी लग्नातून लवकर निघाली असती तं काय झालं असतं. त्यांनी एकदा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला, मास्तर टाकायचे तसा.

"इतकी वर्षं सांगितलं कावून नाही?"

"सांगितलं असतं तं पोरगी पाठवली असती तुमी माझ्याजवळ?"

"नसती पाठवली."

"मंग?"

वैरागडे भाऊनं स्कूटर सुरू केली. मॅडमचे दोन्ही हात भरलेले, नारळ, शाल, हार, लोणच्याची बरणी, जी मीच दिली होती. मी माझ्याजवळची 'हर बच्चा खास है' पिशवी रिकामी केली, तिच्यात उरलेली भेंडी होती, आणि त्यांचं सगळं त्या पिशवीत भरून दिलं. त्या मागे एका अंगानं बसल्या, पिशवी मांडीवर.

"मावशी," स्कूटर निघता निघता त्या ओरडल्या, "समोश्यात मीठ कमी होतं."

समोसे मी केले नव्हते. ते हलवायाचे होते. मी तसं सांगेपर्यंत स्कूटर नाक्यापर्यंत गेली होती. वैरागडे भाऊ खाली रस्ता सोडून वर विजेच्या तारांकडे पाहत चालवत होता आणि मॅडम मागून त्याच्या पाठीत बुक्की मारून समोर पाहायला सांगत होत्या.